पेटीला टेकलेला गाल

आमच्या बाहेरच्या खोलीत एक यंत्र आहे. त्याला रेकॉर्ड प्लेअर म्हटलं की माझ्या मुलाचा चेहरा कसनुसा होतो. "अव्वा, टर्नटेबल म्हण की," म्हणतो. मी यंत्रच म्हणते. चटणीच्या पाट्याएवढं जड आहे. खाली रबराचे पाय, वर काचेसारखं झाकण, शेजारी आवाज मोठा करणारं वेगळं खोकं, आणि दोन कोपऱ्यांत लोखंडी स्टँडवर दोन स्पीकर, लग्नात दाराशी उभ्या राहिलेल्या मामांसारखे ताठ. सोलापूरची धूळ कुणाचं ऐकत नाही, म्हणून मी त्याच्यावर मखमलीचं कापड घालून ठेवते. घरी येणारी माणसं ते कापड वर करून बघतात आणि विचारतात, "आज्जी, तुमी ऐकता व्हय ह्याच्यावर?"

ऐकते की. चांगलं आहे यंत्र. वाईट असतं तर बरं झालं असतं, वाईट वस्तूला निदान शिव्या तरी देता येतात.

त्याच्या आधी आमच्याकडे रेकॉर्ड वाजवायची पेटी होती. पातळ फळ्यांची, वरून तपकिरी रेक्झिन चिकटवलेली, प्रवासाच्या बॅगेला असते तशी मूठ असलेली. स्पीकरही पेटीतच, पुढच्या जाळीमागे. आमच्या ह्यांनी ती लग्नाआधी जुन्या बाजारातून आणली होती. गाणं लागलं की सगळी पेटी थरथरायची. कडेवर वाटी ठेवली तर वाटी चालायला लागायची. बाई गात असली तर तिला हिव भरल्यासारखं वाटायचं, आणि बुवा गात असला तर नाकात तपकीर गेल्यासारखं.

हे चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की त्याला वठणीवर आणणारे. मिसरूड फुटायच्या आधीपासून मागांच्या खडखडाटात वाढलेले. कामावरून आले, हातपाय धुतले, कडक भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला, की पेटी चौरंगावर यायची. मग हे जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि पेटीच्या कडेला गाल टेकवून डोळे मिटायचे. एक गाल दुखला की दुसरा. कधी कधी कारखान्यातून आणलेला जुना धोटा घ्यायचे. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणारी लाकडी होडीच. तिचं एक टोक दातांत धरायचे आणि दुसरं पेटीला लावायचे. रेकॉर्ड संपली की डोळे न उघडताच म्हणायचे, "इन्नोंद." कन्नडमध्ये, अजून एक. आमच्या घरात भांडण मराठीत आणि लाड कन्नडमध्ये, अशी पहिल्यापासून वाटणी होती. पेटीशी ते कन्नडमध्येच बोलायचे.

मी अक्कलकोटकडची. लग्न होऊन ह्या घरात आलेल्या त्या नवरीबद्दल काय सांगू? आज समोर आली तर दोन्ही कान धरून तिला उठाबशा काढायला लावीन. स्वतःला लई शहाणी समजायची. तिनं बघितलं की आपला नवरा रोज कुठल्यातरी परक्या बाईच्या गालाला गाल लावून बसतो आणि आपल्याशी मात्र "वाढ" आणि "बस" एवढंच बोलतो. तिला त्या गाणाऱ्या बाईचा मत्सर वाटायला लागला. मत्सर करावा तर निदान हाडामांसाच्या सवतीचा करावा. ही रेक्झिनच्या पेटीवर जळत होती.

एक दिवस तिनं पेटीच्या कडेवरून शेंगाचटणीचं बोट फिरवलं. तेल सुटलेली, तिखटजाळ. हे आले, बसले, गाल टेकवला. थोड्या वेळानं उठले, गाल धुतला आणि परत येऊन दुसरा गाल टेकवला. तिथंही चटणी होती. मग त्यांनी निमूटपणे धोटा काढला. दुसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "कालच्या चटणीत मीठ कमी होतं."

म्हणजे चाखूनही बघितली होती.

त्या नवरीला, नंतरच्या त्या बाईला आणि त्याही नंतरच्या त्या सासूला कधीच वाटलं नाही की हा माणूस गाल टेकवतो, कारण गाल टेकवल्याशिवाय त्याला गाणं ऐकू येत नाही. पेटीची थरथर गालफडातून, दातांतून, डोक्याच्या हाडांतून आत जायची. कानांचं काम मागांनी कधीच संपवत आणलं होतं.

तुम्ही म्हणाल, एका घरात राहून कळलं कसं नाही? कारखान्यातल्या माणसांची एक खोड असते. मागांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, म्हणून ती ओठ वाचायला शिकतात. दहा माग पलीकडचा माणूस बायकोबद्दल काय बोलतोय ते ह्यांना इकडून कळायचं. घरी आल्यावर तीच सवय. मी बोलायला लागले की माझ्या तोंडाकडे एवढं टक लावून बघायचे की मला वाटायचं, काय बाई प्रेम आहे. दिवे गेले की मात्र एकदम गप्प. मी अंधारात बडबडत राहायची आणि हे काही उत्तर द्यायचे नाहीत. मी समजायची, रुसले. मग मीही रुसायची. दिवे आले की हे परत माझ्या तोंडाकडे बघून हसायचे. त्या वेड्या बाईला वाटायचं, आपण जिंकलो.

म्हातारपणी कमी ऐकू येतं हे सगळ्यांच्या ध्यानात आलं. कानाचं मशीन आणलं. ते घातलं की म्हणायचे, "सगळं गाव एकदम भांडतंय." कुकरची शिट्टी, रिक्षांचे हॉर्न, सुनेचा मिक्सर, सगळं एका पातळीवर. गाणं म्हणजे पत्र्यावर खडे. मशीन कपाटात गेलं आणि हे परत पेटीपाशी. तोपर्यंत दातांची कवळी आली होती, त्यामुळे धोटा सुटला होता. गाल तेवढा राहिला.

मुलगा नोकरीला पुण्याला असतो, सून आमच्यापाशी. सुट्टीला आला की बापाला जमिनीवर वाकून बसलेलं बघून त्याला वाईट वाटायचं. "अप्पांना त्या डब्यातून नीट ऐकूच येत नाही अव्वा, म्हणून एवढं चिकटून बसतात." मलाही ते पटलं. पटलं काय, मीच मागं लागले. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं: हे खुर्चीत पाठ टेकून बसलेत, मी शेजारी, आवाज स्वच्छ, आणि गाणं आपण होऊन आमच्यापर्यंत येतंय. जन्मभर गाण्यापुढं वाकलेल्या माणसाला एकदा तरी गाण्यानं उठून भेटावं. म्हटलं, "भारीतलं आण. त्यांच्या गुडघ्यांचे हाल बघवत नाहीत."

यंत्र आलं ती सकाळ माझ्या चांगली लक्षात आहे. मुलानं ते पातळी लावून बसवलं, ओळंबा घेऊन गवंडी वीट बसवतो तसं. मग काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला यंत्राच्या कोपऱ्यावर ठेवला आणि रेकॉर्ड लावली. ह्यांची आवडती. खोली भरून गेली. ती बाई जणू आमच्या सोफ्यावर येऊन बसली. गाण्याच्या आधी ती श्वास घेते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मुलगा पेल्याकडे बोट दाखवत म्हणाला, "बघ अव्वा, पाण्यावर साधी रेघ उठत नाही. एवढंसुद्धा हलत नाही. ह्याचेच पैसे असतात."

आम्ही सगळे वाकून पाणी बघत होतो. हेही बघत होते. मग त्यांनी यंत्राच्या कडेवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला. मला वाटलं, डाग पडेल म्हणून काढला.

"कसं आहे अप्पा?"

"भारी आहे," हे म्हणाले. "लई भारी आहे हं."

मोडनिंबला माझ्या बहिणीच्या मुलाचं हायवेवर हॉटेल आहे. जुन्या वस्तू मांडून ठेवायची त्याला हौस. कंदील, पाटे, पितळी घंगाळ. तो त्याच आठवड्यात आला होता. म्हणाला, "मावशी, पेटी मला दे की. काउंटरवर ठेवतो, लोकं फोटो काढतील." मी हळदीकुंकू लावून पेटी त्याच्या गाडीत ठेवली. सासरी पाठवल्यासारखी. हे दारात उभे होते. गाडी वळेपर्यंत बघत राहिले आणि आत जाऊन खुर्चीत बसले. मी यंत्र लावलं. ह्यांनी हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर ठेवली आणि ताल धरला.

रोज संध्याकाळी तसंच. मी रेकॉर्ड लावायची, हे खुर्चीत, मी समोर सोफ्यावर. ह्यांचं बोट बरोब्बर तालात. रेकॉर्ड संपली की म्हणायचे, "भारी आहे हं." मी बहिणीला फोन करून सांगायची, "अगं, अगदी साहेबासारखे बसून ऐकतात." एक गोष्ट मात्र मला खटकायला हवी होती आणि खटकली नाही. ते आता "इन्नोंद" म्हणत नव्हते. मला वाटलं, एकाच रेकॉर्डनं पोट भरतंय. यंत्रच तसं आहे.

मग ती दुपार आली. रेकॉर्डची एक बाजू संपली होती. हे यंत्र स्वतःहून थांबत नाही, सुई आतल्या रेघेत नुसती फिरत राहते, आवाज काही नाही. मी उठायचा कंटाळा केला. माझा पाय मात्र आपल्या सवयीनं हलत राहिला होता. सहज समोर बघितलं, तर ह्यांचं बोट दांडीवर चालू.

गाणं संपलेलं आणि ह्यांचा ताल चालू. मला हसू आलं. माझ्यातली ती चटणीवाली जागी झाली. मी पाय जरा जलद केला. बोट जलद झालं. मी पाय एकदम संथ केला, वरातीतली बैलगाडी चालते तसा. बोट संथ झालं. मग मी मधेच दोन ठोके चुकवले. ह्यांनीही चुकवले. मी पदर तोंडाला लावून हसत सुटले. मला हसताना बघून तेही हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "भारी आहे हं हे गाणं."

मी पाय थांबवला.

बोट थांबलं. ते माझ्या पायाकडे बघत होते. पुढचा ठोका कधी पडतोय त्याची वाट बघत.

रेकॉर्ड वर फिरतच होती. मी उठले, ह्यांच्या समोर पाटावर बसले, तोंड उजेडाकडे केलं आणि विचारलं, "तुम्हाला काही ऐकू येतं का हो?"

त्यांनी आधी यंत्राकडे बघितलं, मग दाराकडे, मुलगा कुठं उभा आहे का असं. तो पुण्यात होता.

"पोरानं लई हौसेनं आणलंय," ते म्हणाले.

"ते नाही विचारलं मी."

"येतं की थोडं."

"किती?"

"तुझा पाय दिसतो," म्हणाले. "पेटीला गाल लावला की पेटी बोलायची. हे मशीन बोलत न्हाई. हात लावला तर दगड. पाण्यावर रेघसुदिक उठत न्हाई, तूच बघितलंस की."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नवी साडी नेसल्यासारखी बसत होतीस समोर. तेवढं बघायला बरं वाटायचं."

मी उठून सुई उचलली. रडायचं होतं, पण ह्या माणसासमोर रडण्यात एक अडचण होती. तोंड वेडंवाकडं झालं की त्यांना माझं बोलणं वाचता यायचं नाही. म्हणून आधी बोलून घेतलं. म्हटलं, "उद्या मोडनिंबला जायचं. पेटी परत आणायची."

गेलो. पेटी काउंटरवर होती, शेजारी प्लास्टिकची जास्वंद. आत रंगीत दिव्यांची माळ सोडली होती, जाळीतून लुकलुकत होती. भाच्याला म्हटलं, ही परत हवी. त्याचा चेहरा पडला. "मावशी, आतलं सगळं काढून टाकलं की. भंगारवाल्यानं नेलं. लई धूळ बसायची." बिचाऱ्यानं पेटी लगेच पुसून पुढं केली. हे पुढं झाले. हॉटेलात माणसं जेवत होती, कुणी फोटो काढत होतं. ह्यांनी काउंटरवर वाकून पेटीला गाल टेकवला आणि डोळे मिटले. सगळं हॉटेल बघायला लागलं. भाच्यानं मान खाली घातली. बऱ्याच वेळानं हे सरळ झाले.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"फ्रीज," ते म्हणाले. "शेजारचा फ्रीज. चांगला गातोय."

भाचा हसला. मीही हसले. परत येताना एसटीत त्यांनी खिडकीला डोकं टेकवलं होतं आणि मला वाटत होतं, आता हे एसटी ऐकतायत.

मग आम्ही काय काय केलं. नव्या स्पीकरला गाल लावून बघितला. "ढोल येतो, बाई येत न्हाई," म्हणाले. कवळी काढून हिरड्यांत धोटा धरून बघितला. दुसरा स्वस्तातला प्लेअर मिळतो का म्हणून विचारत फिरलो. मिळायचे ते प्लास्टिकचे, किरकिरे. मुलाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अव्वा, मी त्यांना तो पाण्याचा पेला दाखवला गं." त्याला काय सांगणार? म्हटलं, "दाखवलास ते चांगलं केलंस. तुझ्या बापाला यंत्रं कळतात."

एका संध्याकाळी मी सवयीनं रेकॉर्ड लावून बसले होते आणि बरोबर गुणगुणत होते. मी गाऊ नये, असं आमच्या घराण्यात सगळ्यांचं एकमत आहे. लग्नात मंगलाष्टकांना मी तोंड उघडलं की आई चिमटा काढायची. हे माझ्या शेजारी येऊन बसले होते. त्यांनी माझे ओठ हलताना बघितले आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, वाकून माझ्या कानाजवळ, कानशिलाला आपलं कानशील टेकवलं. मी गप्प झाले.

"थांबू नको," म्हणाले. "येतंय."

मी परत सुरू केलं. तोंड मिटून, नुसतं गळ्यातून, यंत्रातली बाई जाईल तिकडं तिच्या मागून लंगडत. ह्यांनी डोळे मिटले. दाढी टोचत होती, मान अवघडली होती, सून चहा घेऊन आली आणि आल्या पावली परत गेली. आत तिचं हसू मला ऐकू आलं. ह्यांना नाही. रेकॉर्ड संपली.

"कसं होतं?" मी तोंड वळवून विचारलं.

"लई बेसूर आहेस," हे म्हणाले. मग परत डोकं टेकवलं. "इन्नोंद."

ज्या बाईनं एके काळी पेटीला चटणी लावली होती, तिला अखेर पेटीची नोकरी मिळाली. तिनं ती मन लावून केली. घसा बसला तर मिठाच्या गुळण्या करून केली. पण ते दिवस थोडे होते. थंडी सरता सरता ह्यांना धाप लागायला लागली. शेवटी शेवटी तर डोकं टेकवलं की मलाच त्यांच्या छातीतली घरघर ऐकू यायची आणि माझं गुणगुणणं मधेच तुटायचं. ते वाट बघायचे. परत सुरू झालं की बोटानं माझ्या मनगटावर ताल धरायचे. ह्या वेळी तालात माझ्या पायाची गरज नव्हती.

ते गेले. माणसं भेटायला येत होती त्या दिवसांत दारात एक पार्सल आलं. मुलानं कुठून तरी शोधून काढलं होतं, हाडांतून ऐकवणारं काहीतरी, कानाच्या पुढं लावायचं. त्यानं ते हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "परत पाठवून दे." त्यानं पाठवलं. तेवढं एकच काम त्या दिवशी त्याला सुचलं असावं.

आता यंत्र माझं एकटीचं आहे. मुलगा फोनवर विचारतो, "लावतेस ना अव्वा?" लावते की. बाईचा श्वाससुद्धा ऐकू येतो, मघाशी सांगितलं तसा. परवा मला परत एक खोडी सुचली. ह्या वयात खोडी काढायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून स्वतःचीच काढली. रेकॉर्ड लावली, दोन्ही कानांत कापसाचे बोळे घट्ट बसवले आणि ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हटलं, एवढे दिवस हा माणूस इथं बसून काय ऐकत होता ते बघू.

काही नाही. तबकडी फिरते. तिच्यावरच्या कागदाच्या गोलावरची अक्षरं येतात आणि जातात. समोर सोफा. सोफ्यावर कुणीतरी खूश होऊन बसलंय, एवढंच काय ते बघायला असणार. आणि आता तेही नव्हतं.

बसवेना. उठणार होते, तेवढ्यात गळ्यातून आपोआप गुणगुणणं निघालं, आणि मी दचकले. कान बंद असले की आपलाच आवाज डोक्यात केवढा मोठा होतो. हाडांतून, गालफडातून, दातांच्या मुळांतून. यंत्राचं काही नाही, बाईचं काही नाही, नुसती मी. म्हणजे ह्यांच्यापर्यंत शेवटी हेच जात होतं. नीट लक्ष देऊन ऐकलं.

खरंच लई बेसूर आहे हो. मला दुसऱ्या कुणी एवढं ऐकवलं असतं तर मी मधेच उठून गेले असते. रेकॉर्ड संपल्याचं मला कळलंही नाही. तो माणूस इन्नोंद म्हणायचा.